माजी सैनिकांची शुश्रूषा : उपकार की अधिकार?

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयात ध्वजदिनाची पेटी येते. राष्ट्रीय छात्रसेनेची मुले ती वर्गावर्गांतून फिरवितात, छातीवर लावायला कागदाचा छोटासा ध्वज देतात आणि जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे पेटीत काही टाकतो. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून १९४९ पासून पाळला जातो. ही प्रथा चांगली आहे व ती चालू राहावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला ती पेटी पाहून दरवेळी एक प्रश्न पडतो. ज्याने आपल्या तारुण्याची वीस-बावीस वर्षे राज्यसंस्थेला दिली, त्याच्या उतारवयातील औषधोपचार हा समाजाच्या दातृत्वाचा विषय आहे, सरकारच्या सौजन्याचा आहे, की कायद्याने निश्चित झालेल्या देण्याचा आहे? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर अद्याप दिले गेलेले नाही. ते न दिल्यामुळे काय होते, हे प्रस्तुत लेखकाला घरच्याच अनुभवातून कळले.

माझे धाकटे चुलते सातारा जिल्ह्यातील. अठराव्या वर्षी ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि २००० साली, चाळिशीत, हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावी कोरडवाहू जमीन, ती पण तीन भावांत. मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईजवळ राहणे भाग होते, आणि मुंबईत घर घेण्याची ताकद नव्हती. म्हणून हजारो चाकरमान्यांप्रमाणे तेही नालासोपाऱ्याला आले. वालीवच्या बाजूला एका कारखान्याच्या फाटकावर त्यांनी पुढली पंधरा वर्षे पहारा केला. शेजारच्या खोलीत राहणारे गृहस्थ त्याच पट्ट्यातील दुसऱ्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करीत. दोन कुटुंबांचा घरोबा असा, की सणावारी एकाच्या घरचे ताट दुसऱ्याकडे जायचे.

काही वर्षांपूर्वी काकांना रात्री छातीत कळ आली. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे ओळखपत्र घेऊन आम्ही योजनेच्या यादीवरील एका खासगी रुग्णालयात गेलो. तेथे सांगण्यात आले, की शासनाकडील बिले थकल्यामुळे या योजनेतील रुग्ण तूर्त दाखल करून घेत नाही. रात्रीच्या वेळी वाद घालण्यात अर्थ नव्हता. जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात, जे यादीवर नव्हते, अनामत भरून त्यांना दाखल केले. ती रक्कम काकूंच्या पाटल्या गहाण ठेवून उभी राहिली. पुढे नियमाप्रमाणे अट्ठेचाळीस तासांच्या आत कळविले, कागदपत्रे जोडली, दोनदा त्रुटी निघाल्या त्या दूर केल्या आणि अकरा महिन्यांनी खर्चाच्या सुमारे निम्मी रक्कम परत मिळाली. उरलेली का नाकारली, याचे उत्तर "मान्य दरांपेक्षा अधिक" या तीन शब्दांत संपले.

शेजारच्या गृहस्थांनाही त्याच सुमारास शस्त्रक्रिया करावी लागली. ते कामगार राज्य विम्याचे सभासद. त्यांनाही रांगा चुकल्या नाहीत, हेलपाटे चुकले नाहीत. परंतु त्यांचा एक खर्च अडकला, तेव्हा त्यांच्या संघटनेच्या कार्यकर्त्याने अधिनियमाचे पुस्तक उघडून कलम दाखविले, विमा न्यायालयात जाण्याची भाषा केली आणि प्रकरण मार्गी लागले. काकांनी मला विचारले, "आमचं पुस्तक कुठं मिळतं रे?" त्यांना द्यायला माझ्याकडे पुस्तक नव्हते, कारण ते पुस्तक संसदेने लिहिलेलेच नाही.

योजना आहे, अधिनियम नाही

कारखान्यातील कामगाराच्या वैद्यकीय उपचारांचा कायदा या देशात १९४८ साली झाला. कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने कामगाराची वर्गणी ठरविली, मालकाची ठरविली, लाभ कोणते ते लिहिले आणि तंटे सोडविण्यासाठी स्वतंत्र न्यायालयांची तरतूद केली. सैनिकाच्या बाबतीत मात्र निवृत्तीनंतरच्या वैद्यकीय सेवेची सर्वंकष योजना यायलाच २००३ साल उजाडले. तोवर निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयात जागा असेल तर उपचार मिळत आणि एरवी त्याने आपले आपण पाहावे, अशी स्थिती होती. ज्याचे गाव छावणीपासून शंभर मैलांवर, त्याला ही सवलत कागदावरचीच.

१ एप्रिल २००३ पासून सुरू झालेली माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना ही त्या मानाने फार मोठी सुधारणा होय, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. सैनिकाने एकदा वर्गणी भरावी, त्याला व त्याच्या अवलंबितांना आजीवन उपचार मिळावेत. गावोगावच्या बहुचिकित्सालयात प्राथमिक तपासणी व औषधे, आणि गरज पडल्यास तेथील शिफारशीने यादीवरील खासगी रुग्णालयात दाखल होण्याची सोय, अशी तिची रचना आहे. आज देशात अशी चारशेहून अधिक बहुचिकित्सालये आहेत आणि लाभार्थींची संख्या साठ लाखांच्या घरात गेली आहे. अनेक कुटुंबांना या योजनेने कर्जबाजारीपणातून वाचविले आहे. पुढील वर्षी, २००४ च्या सप्टेंबरात, संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याणाचा स्वतंत्र विभागही स्थापन झाला.

परंतु ही सारी इमारत शासकीय आदेशांवर उभी आहे. कोणाला प्रवेश द्यावा, किती वर्गणी घ्यावी, रुग्णालयाला किती दर द्यावा, तो कधी द्यावा, बहुचिकित्सालय कोठे काढावे, यांपैकी एकही गोष्ट संसदेच्या अधिनियमाने बांधलेली नाही. आदेशाने जे दिले ते आदेशाने कमी करता येते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आदेशाप्रमाणे जे मिळाले नाही त्यासाठी दाद मागताना सामान्य सैनिकाच्या हाती पत्रांखेरीज काही नसते.

न्यायालयांनी या बाबतीत जे करता येण्यासारखे होते ते केले आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नकारा खटल्यात निर्णय दिला, की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नसून ते पूर्वी केलेल्या सेवेचे देणे आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर तो लांबणीवर टाकलेला पगारच होय. हेच तत्त्व वैद्यकीय सेवेला लागू व्हावे, अशी माजी सैनिकांच्या संघटनांची धारणा होती. परंतु २००६ साली दुसऱ्या एका घटनापीठाने त्यांच्या याचिकेवर निर्णय देताना, योजनेसाठी वर्गणी घेणे घटनाबाह्य नाही, असे म्हटले. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणीतून मुक्तता मिळाली, हा त्यातला दिलासा. मात्र योजनेचा मूळ आराखडा हा सरकारच्या धोरणाचा भाग राहिला. न्यायालय एखाद्या रुग्णाचे नाकारलेले बिल मंजूर करू शकते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेसंबंधी असा निर्वाळा दिलाही आहे, की केवळ रुग्णालय यादीवर नव्हते म्हणून खऱ्या उपचाराचा खर्च नाकारता येणार नाही. परंतु नालासोपाऱ्याच्या हवालदाराने प्रत्येक बिलासाठी दिल्लीपर्यंत जावे, ही व्यवस्था होऊ शकत नाही. व्यवस्था निर्माण करणे हे विधिमंडळाचे काम आहे.

व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर

कायदा नसण्याचा पहिला तोटा हा, की लाभार्थी कोण हेच अस्थिर राहते. दुसऱ्या महायुद्धात लढलेले सैनिक, आणीबाणीच्या काळात तातडीने भरती केलेले अधिकारी, अल्पसेवा अधिकारी आणि मुदतपूर्व निवृत्त झालेले यांना या आरोग्य योजनेत प्रवेश मिळाला तो मार्च २०१९ मध्ये. महायुद्ध संपले १९४५ साली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला 'मिलिटरी' हे बिरुद चिकटले आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे शेहेचाळीस जवान कामी आले, असे तेथील स्मारक सांगते. तशाच गावांतून दुसऱ्या महायुद्धासाठीही मुले गेली. त्यांच्यापैकी किती जण २०१९ चा तो आदेश वाचायला हयात होते, हा हिशेब मांडण्याची आवश्यकता नाही. तो अन्याय कोणी दुष्टपणाने केला असे नव्हे. फायलीवर त्यांचा उल्लेख नव्हता, एवढेच.

तोच प्रश्न आता नव्या रूपाने उभा राहत आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांची सेवा करून बाहेर पडणाऱ्या तरुणाला एकरकमी सेवानिधी मिळतो. परंतु त्याला निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि या आरोग्य योजनेचे सभासदत्वही नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. अग्निपथाच्या गुणदोषांची चर्चा हा येथील विषय नाही. परंतु बर्फाळ ठाण्यावर चार वर्षे काढलेल्या तरुणाच्या कानाचा, गुडघ्याचा किंवा मनाचा विकार पुढे दहा वर्षांनी उद्भवला, तर तो कोणाच्या खात्यात मांडायचा, याचे उत्तर आजच्या आदेशांत सापडत नाही. 'माजी सैनिक' या शब्दाची व्याख्या आज नियमांत आहे, आणि ती प्रामुख्याने नोकरीतील आरक्षणाच्या गरजेतून घडली आहे. आरोग्याच्या गरजेतून ती कोणी तपासलेली नाही.

याच्याशीच निगडित असा दुसरा प्रश्न पुराव्याचा आहे. आजार सेवेमुळे झाला हे कोणी सिद्ध करायचे? २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भरतीच्या वेळी ज्याला निरोगी ठरविले आणि ज्याच्या कागदावर कोणताही विकार नोंदलेला नाही, त्याचा नंतरचा आजार सेवेमुळे उद्भवला असे गृहीत धरले जावे. तसे नाही हे दाखविण्याचे ओझे सरकारवर. हे तत्त्व अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासंबंधी होते आणि तेव्हाच्या नियमांवर आधारलेले होते. २०२३ च्या सप्टेंबरात ते नियमच बदलून नवे लागू झाले. नियम बदलण्याचा अधिकार सरकारला आहे. परंतु सैनिकाच्या शरीराशी संबंधित असलेले इतके मूलभूत तत्त्व संसदेत चर्चा न होता बदलू शकते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या रसायनांमुळे आजारी पडलेल्या सैनिकांना तेथेही वर्षानुवर्षे पुरावा मागितला गेला. १९९१ साली त्यांच्या विधिमंडळाने कायदा करून ठरावीक आजार हे सेवेमुळेच झाले असे गृहीत धरण्याचा मार्ग काढला. इराक व अफगाणिस्तानातील छावण्यांतून कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचा धूर ज्यांनी छातीत भरून घेतला, त्यांच्यासाठी तसाच व्यापक कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. ब्रिटनने २०२१ च्या कायद्याने आरोग्य, शिक्षण व निवास या सेवा पुरविणाऱ्या सार्वजनिक संस्थांवर, माजी सैनिकांच्या विशेष स्थितीचा विचार करण्याचे बंधन घातले. या देशांची श्रीमंती आपल्यापाशी नाही, हे खरे. परंतु त्यांनी पैशाच्या आधी केलेली गोष्ट फुकट करता येण्यासारखी आहे. त्यांनी आपले देणे लोकप्रतिनिधींसमोर लिहून घेतले.

थकलेल्या बिलांचे अर्थशास्त्र

आता मूळ दुखण्याकडे, म्हणजे रुग्णालयाच्या दारातून परत पाठविण्याकडे वळू. रुग्णालय रुग्ण का नाकारते? व्यवस्थापन निर्दय असते, हे उत्तर सोपे आहे आणि पुष्कळदा अपुरे. या योजनेत रुग्णालयांना केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे दर लागू होतात. त्या दरांची २०१४ नंतर सर्वंकष पुनर्रचना व्हायला २०२५ चा ऑक्टोबर महिना लागला. मधल्या अकरा वर्षांत परिचारिकेचा पगार वाढला, विजेचा दर वाढला, प्राणवायूच्या नळकांड्यापासून टाक्याच्या धाग्यापर्यंत प्रत्येक वस्तू महागली. त्यात बिल मंजूर व्हायला विलंब. दर कमी आणि पैसे उशिरा, असा ग्राहक कोणताही विक्रेता टाळू पाहणार. बाजाराच्या नियमांत देशभक्तीसाठी वेगळा रकाना नसतो. तो कायद्याने आखावा लागतो.

निधी अपुरा आहे असे म्हणावे, तर आकडे वाढतच आहेत. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेच्या उपचारखर्चासाठी सुमारे ६,९६८ कोटी रुपये होते. २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी. साठ लाख लाभार्थींनी भागले तर डोईमागे वर्षाला तेरा-चौदा हजार रुपये पडतात. वृद्धांचे प्रमाण मोठे असलेल्या समूहासाठी ही रक्कम उधळपट्टीची नक्कीच नव्हे. परंतु अर्थसंकल्पात निधी वाढणे आणि विरारच्या रुग्णालयाला वेळेवर पैसे मिळणे, या दोन घटनांमध्ये आज कोणताही कायदेशीर दुवा नाही. आदेशात मुदत असली तरी ती ओलांडल्याबद्दल कोणालाही काही द्यावे लागत नाही.

वसईच्या लघुउद्योजकांना याचे उत्तर चांगले ठाऊक आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाप्रमाणे मोठ्या ग्राहकाने लहान पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. या कायद्याने साऱ्या थकबाक्या नाहीशा झाल्या असे नाही. पण उशिराची किंमत ठरली, आणि ती उशीर करणाऱ्याच्या माथी बसली. सातिवलीत स्क्रू तयार करणाऱ्याला जे संरक्षण विधिमंडळाने दिले, ते हवालदारावर शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाला दिले, तर दारातून परत पाठविण्याचे सर्वांत मोठे कारण दूर होईल.

तिसरा मुद्दा अंतराचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. वसई-विरार महानगरपालिका त्याआधी, ३ जुलै २००९ पासून आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती, आणि नंतरची वाढ रेल्वेच्या फलाटावर उभे राहणाऱ्या कोणालाही दिसते. लष्करी वस्त्या व जुनी रुग्णालये मात्र इतिहासाने जेथे ठेवली तेथेच आहेत. नौदलाचे 'अश्विनी' हे मोठे रुग्णालय कुलाब्याला; विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर, आणि पुढे कुलाबा. सकाळच्या गर्दीत सत्तरीच्या माणसाने हृदयविकार घेऊन हा प्रवास करावा, आणि नियमाप्रमाणे पुन्हा चाचण्यांसाठी यावे! माजी सैनिक आता छावणीच्या गावी राहत नाहीत. जेथे घर परवडते तेथे ते राहतात, म्हणजे नालासोपारा, विरार, बदलापूर अशा ठिकाणी. सेवाकेंद्रे लोकसंख्येच्या मागोमाग सरकली पाहिजेत, हे बंधन कायद्यात असल्याशिवाय ती आपोआप सरकत नाहीत.

आक्षेपांचा विचार

यावर तीन आक्षेप घेतले जातील, आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला खर्चाचा. संरक्षण निवृत्तिवेतनाचा बोजा २०२५-२६ मध्ये सुमारे १ लाख ६१ हजार कोटींवर गेला आहे. 'समान पद, समान निवृत्तिवेतन' ही मागणी कित्येक दशकांच्या झगड्यानंतर नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने मान्य झाली, आणि तिने हा बोजा वाढविला, यात शंका नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा आग्रह नव्या लाभांच्या यादीसाठी नाही. जे देऊ असे सरकारने आधीच सांगितले आहे आणि ज्यासाठी सैनिकाकडून वर्गणी घेतली आहे, तेच वेळेवर व जवळ द्यावे, एवढाच तो आहे. आज निवृत्त होणारा जवान या योजनेसाठी तीस हजार रुपये, तर अधिकारी एक लाख वीस हजार रुपये भरतो. ज्याचा हप्ता आगाऊ घेतला, त्या विम्याला दानधर्म म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप समतेचा. ज्या देशात शेतमजुराला, घरकाम करणाऱ्या बाईला पुरेशी वैद्यकीय सेवा नाही, तेथे सैनिकालाच कायदेशीर हक्क का? हा आक्षेप मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. सर्वांना आरोग्यसेवेचा हक्क मिळावा, हेच अंतिम उत्तर होय. परंतु सैनिकाची स्थिती एका बाबतीत वेगळी आहे. इतर नोकरदार साठाव्या वर्षापर्यंत कमावतो. सैनिकाला राज्यसंस्था स्वतःच्या गरजेसाठी, सैन्य तरुण राहावे म्हणून, ऐन कर्तेपणात घरी पाठविते. चाळिशीनंतर तो फाटकावरचा पहारेकरी होतो. त्याच्या उत्पन्नातील ही घट त्याच्या निवडीतून आलेली नाही. ती राष्ट्राच्या धोरणाची किंमत आहे. शिवाय औद्योगिक कामगाराला कायदा मिळाला, तेव्हा शेतमजुराला नव्हता म्हणून तो रोखून धरला गेला नाही. हक्काचा विस्तार एकेका गटापासूनच होत आला आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. कायद्याने डॉक्टर निर्माण होत नाहीत. बहुचिकित्सालयात तज्ज्ञाची जागा रिकामी असेल तर कलम काय करणार? हे खरेच आहे. कामगार विम्याच्या दवाखान्यांची दैना सर्वांनी पाहिली आहे. परंतु कायदा नसताना रिकामी जागा ही केवळ गैरसोय ठरते; कायदा असताना ती कर्तव्यच्युती ठरते. पहिलीबद्दल हळहळता येते, दुसरीबद्दल जाब विचारता येतो.

विधिमंडळांनी काय करावे

माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन व सैन्यदले हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या केंद्रसूचीत आहेत, तेव्हा संसदेच्या अधिकाराविषयी शंका नाही. असा कायदा छोटा असला तरी चालेल. त्यात माजी सैनिकाची आरोग्यापुरती स्वतंत्र व्याख्या असावी, आणि अल्पमुदतीची सेवा केलेल्याला निदान सेवेमुळे जडलेल्या विकारावर आजीवन उपचार मिळावेत. भरतीच्या वेळी निरोगी असलेल्याचा आजार सेवाजन्य मानण्याचे तत्त्व अधिनियमात यावे. उपचाराचे दर ठरावीक काळाने सुधारण्याचे बंधन असावे. रुग्णालयाचे व रुग्णाचे पैसे ठरलेल्या दिवसांत न दिल्यास व्याज द्यावे लागावे. बहुचिकित्सालयांची पुनर्मांडणी प्रत्येक जनगणनेनंतर व्हावी. आणि या साऱ्याचा वार्षिक अहवाल संसदेसमोर ठेवला जावा. सशस्त्र सेना न्यायाधिकरण २००७ च्या अधिनियमाने अस्तित्वात आले आहे आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. परंतु न्यायाधिकरणात जाण्याआधी साध्या अर्जावर निर्णय देणारा तक्रारनिवारण अधिकारी जिल्ह्यात असला पाहिजे.

हे विधेयक सरकारनेच आणले पाहिजे. खासगी विधेयकावर विसंबणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचे अधिनियमात रूपांतर झालेले नाही. तेव्हा आपल्या खासदाराने शून्य प्रहरात भाषण केले, यावर समाधान न मानता त्याच्या पक्षाने जाहीरनाम्यात काय लिहिले, हे मतदाराने पाहावे.

महाराष्ट्राच्या विधिमंडळालाही करण्यासारखे पुष्कळ आहे, कारण रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. विश्वस्त संस्थांच्या कायद्यातील ४१ कक या कलमामुळे धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. कायद्याने खाट राखता येते, याचा हा आपल्याच राज्यातील दाखला. माजी सैनिकाला निकडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी अडवू नये, एवढे बंधन राज्याला घालता येईल. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम तर हाताशीच आहे. माजी सैनिकांसाठीचे दाखले, शिफारसी व राज्याच्या सवलती त्याखाली अधिसूचित करून प्रत्येकीला दिवसांची मर्यादा घालता येईल. २०२० साली राज्याने माजी सैनिकांना घरपट्टीतून सूट जाहीर केली. ती मिळविण्यासाठी वृद्ध माणसाने किती वेळा खिडकीवर उभे राहावे, हेही मग ठरून जाईल.

यांतले काहीच अशक्य कोटीतील नाही. आपल्या विधिमंडळांनी कामगारासाठी, लघुउद्योजकासाठी, निर्धन रुग्णासाठी हे निरनिराळ्या काळी केलेले आहे. सैनिकासाठी ते राहून गेले, याचे एक कारण कदाचित हे, की सैनिक रस्त्यावर येत नाही. आदेश पाळण्याची सवय त्याच्या अंगात मुरलेली असते, आणि आदेशाने जे मिळाले नाही ते आपल्या नशिबात नव्हते, असे मानून तो गप्प राहतो. माझे काका अजूनही ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवतात. त्या रात्रीनंतर रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला, तर प्रथम कोठे न्यायचे, हे घरातल्यांनी ठरवून ठेवले आहे. ते रुग्णालय यादीवर नाही. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत, म्हणून या वेळी बँकेत थोडी रक्कम बाजूला काढली आहे. चाळीस वर्षांपूर्वी ज्याने राज्यसंस्थेच्या शब्दावर सही केली, त्याच्या घरात आज त्या शब्दाची ही किंमत आहे. ती वाढविणे पेटीत नाणी टाकणाऱ्या मुलांच्या हाती नाही. कायदे करणाऱ्यांच्या हाती आहे.